नकाराचं दप्तर

जुलै १७७५ पासून ऑक्टोबर १७८० पर्यंत, म्हणजे सव्वापाच वर्षं, मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतीचा कारभार गव्हर्नरशिवाय चालला. सुरुवातीला तर राजाने नेमलेला गव्हर्नर, जनरल गेज, तिथेच होता. बॉस्टनमध्ये, फौजेसकट, वेढ्यात अडकलेला. पण फिलाडेल्फियात भरलेल्या, सगळ्या बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने तोडगा काढला तो असा: वसाहतीने आपली १६९१ची जुनी सनद चालू ठेवावी, गव्हर्नर गैरहजर आहे असं धरून चालावं आणि सनदेप्रमाणे वागायला तयार असलेला गव्हर्नर राजाकडून येईपर्यंत निवडलेल्या कौन्सिलने राज्य हाकावं. डोळ्यांसमोरच्या माणसाला गैरहजर ठरवण्याची ही करामत मला फार आवडते. लढाईला तोंड लागलंय, लेक्सिंग्टन झालंय, बंकर हिल झालंय, आणि तरी न्यायालयाचे हुकूम मे १७७६ पर्यंत राजा जॉर्जच्याच नावाने निघत होते.

मी बॉस्टनच्या पश्चिमेला एका लहान गावात राहते. भारतातून पाहुणे आले की त्यांना लेक्सिंग्टनची हिरवळ आणि काँकर्डचा पूल दाखवायचा, मग आइस्क्रीम खायचं, असा आमचा ठरलेला कार्यक्रम असतो. पुलावर उभं राहून 'पहिली गोळी इथे झाडली गेली' हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. गोळीनंतर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. राजाला घालवून दिलं. आता उद्या सकाळी दिवाणी दावा कुणाच्या नावाने दाखल करायचा? कर कुणी, कुठल्या अधिकाराने बसवायचा? अमेरिकन क्रांतीचा हा भाग कंटाळवाणा समजला जातो. मला तोच खरा नाट्यमय वाटतो, कारण त्यातली मुख्य पात्रं सेनापती नव्हेत. ती गावं आहेत.

गावांचं हे प्रकरण १७७४ मध्येच सुरू झालं. बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून लंडनने जे कायदे केले, त्यांतल्या एकाने मॅसॅच्युसेट्सची सनदच मोडीत काढली. कौन्सिल आता लोकांच्या प्रतिनिधींनी निवडायची नाही, राजा नेमणार. आणि गावसभा वर्षातून एकच. जास्त भरवायची तर गव्हर्नरची परवानगी हवी. चहावरचा कर शेतकऱ्याच्या फारसा जिव्हाळ्याचा नव्हता, पण गावसभेला हात घातल्यावर पश्चिमेकडचे डोंगराळ जिल्हेही पेटले. ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनला जमावाने न्यायालय भरू दिलं नाही. ६ सप्टेंबरला वूस्टरमध्ये साडेचार हजारांवर माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि राजाच्या न्यायाधीशांना हातात टोपी घेऊन त्यांच्यामधून चालावं लागलं. आपण पदाचं काम करणार नाही, हे त्यांनी पुनःपुन्हा वाचून दाखवायचं, म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल. एकही गोळी सुटली नाही. लेक्सिंग्टनला अजून सात महिने होते.

गंमत पुढे आहे. राजाचा अंमल गेला, कौन्सिलचा आला, तरी बर्कशर जिल्ह्याने न्यायालयं उघडू दिली नाहीत. पिट्सफील्डचा धर्मोपदेशक टॉमस अ‍ॅलन आणि त्याचे साथीदार आता आपल्याच क्रांतिकारी सरकारला अडवून बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं. राजाशी नातं तुटलं तेव्हा राजाने दिलेली सनदही संपली. मग तुम्ही राज्य करता ते कशाच्या जोरावर? आधी मूळ घटना करा, ती लोकांपुढे ठेवा, लोकांनी मान्य केली की मग न्यायाधीश पाठवा. मे १७७६ मध्ये पिट्सफील्डने विधिमंडळाला पाठवलेला अर्ज याच मुद्द्याभोवती फिरतो. अजून स्वातंत्र्याचा जाहीरनामाही निघालेला नव्हता आणि डोंगरातलं एक गाव बॉस्टनला राज्यशास्त्र शिकवत होतं. बॉस्टनच्या पुढाऱ्यांना हे लोक अराजकी वाटले, यात नवल नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विधिमंडळाने गावांना विचारलं, की आम्ही घटना तयार केली तर चालेल का? बऱ्याच गावांनी मान डोलावली. काँकर्ड म्हणालं, नाही. ऑक्टोबर १७७६ मधला काँकर्डच्या गावसभेचा हा ठराव जेमतेम पानभराचा आहे, आणि माझ्या मते या गावाने पुलावर जे केलं त्याहून मोठं काम त्या पानावर केलं. त्यांचा युक्तिवाद असा: घटना ही लोकांचे हक्क राज्यकर्त्यांपासून सांभाळण्यासाठी असते. जे मंडळ ती करतं, त्याला ती बदलण्याचाही अधिकार आपोआप येतो. आणि विधिमंडळाला हवी तेव्हा बदलता येणारी घटना विधिमंडळापासून आपलं रक्षण कसं करणार? म्हणून या एकाच कामासाठी वेगळी परिषद निवडा, काम झालं की ती विसर्जित करा.

आपल्याकडे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्ती ज्या प्रश्नावर सात विरुद्ध सहा असे विभागले गेले, त्याचंच हे पणजोबाचं रूप. संसदेला घटना बदलता येते, पण किती? मुंबईच्या नानी पालखीवालांनी त्यासाठी किती दिवस बाजू मांडली हे आपण कौतुकाने सांगतो. काँकर्डच्या शेतकऱ्यांनी तो विषय एका सभेत उरकला होता. अर्थात, त्यांच्यापुढे निकालपत्र लिहिण्याची सक्ती नव्हती.

गावसभा म्हणजे काय हे मला इथे येईपर्यंत नीट कळलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये आज ३५१ शहरं आणि गावं आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य गावांत अजून ती भरते. आमच्याकडे ती शाळेच्या व्यायामशाळेत भरते. आत शिरताना मतदारयादीत नाव तपासतात. मी नागरिक नाही, म्हणून मला बाजूच्या खुर्च्यांवर बसावं लागतं, तिथून हात वर करायचा नाही. मॉडरेटर नावाचा निवडून आलेला सभापती विषयपत्रिकेतला एकेक विषय पुकारतो आणि मग अग्निशमन दलाच्या नव्या गाडीपासून कुंपणाच्या उंचीपर्यंत सगळ्यावर माणसं बोलतात. पुण्यातल्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे त्याला यात नवं काही वाटणार नाही: तेच हिशेबातले बारीक प्रश्न, तेच पार्किंग, तेच एक काका जे प्रत्येक विषयावर उठतात. फरक एवढाच, की इथे त्या काकांनी आणलेली दुरुस्ती मंजूर झाली तर तो गावाचा कायदा होतो. रात्री साडेदहाला कुणीतरी 'चर्चा पुरे' असा ठराव मांडतं तेव्हा सगळ्यांत मोठा जल्लोष होतो.

असल्या सभांपुढे १७७८ मध्ये घटनेचा पहिला मसुदा आला. काँकर्डचं न ऐकता विधिमंडळानेच तो केला होता. राज्याने स्वतःची घटना थेट मतदारांपुढे ठेवण्याची ही पहिलीच वेळ, आणि मतदारांनी ती उधळून लावली. सुमारे दहा हजार मतं विरुद्ध, दोन हजार बाजूने. बॉस्टनने तर एकमताने नाकारली. कारणं गावागणिक वेगळी. हक्कांची सनद नाही, ही मुख्य तक्रार. गव्हर्नर दुबळा, असं काहींना वाटलं; विधिमंडळ माजेल, असं इतरांना. काळ्या आणि आदिवासी माणसांना मताधिकार नाकारणाऱ्या कलमावर बोट ठेवणारीही गावं होती. एसेक्स परगण्यातल्या गावांच्या वतीने थिऑफिलस पार्सन्स या तरुण वकिलाने जी टीका लिहिली ती स्वतःच एक ग्रंथ आहे, आणि सत्तेची तीन अंगं एकमेकांपासून वेगळी का हवीत याची तिच्यातली मांडणी आजही विद्यार्थ्यांना वाचायला द्यावी अशी.

युद्ध चालू, चलन बुडालेलं, माणसं आघाडीवर. अशा वेळी एखाद्या सरकारने म्हटलं असतं, की बास झालं, हाच मसुदा लागू. म्हटलं नाही. १७७९ मध्ये गावांना पुन्हा विचारलं: घटना हवी का, आणि तिच्यासाठी वेगळी परिषद निवडायची का? बहुमताने हो आलं. तेव्हा परिषदेसाठी मत द्यायला मालमत्तेची अटही ठेवली नाही. एकवीस वर्षांवरचा प्रत्येक स्वतंत्र पुरुष चालेल, असं ठरलं.

१ सप्टेंबर १७७९ रोजी परिषद केंब्रिजला भरली. मसुद्यासाठी तीस जणांची समिती. समितीने काम तिघांकडे सोपवलं: जेम्स बोडिन, सॅम्युएल अ‍ॅडम्स आणि त्याचा दूरचा चुलतभाऊ जॉन अ‍ॅडम्स. त्या दोघांनी ते जॉनच्या गळ्यात घातलं. आपण समितीच्या उपसमितीची उप-उपसमिती होतो, असं त्याने नंतर मित्राला पत्रात लिहिलंय. तो ऑगस्टमध्येच फ्रान्सहून परतला होता, घरच्या कचेरीत बसून त्याने मसुदा लिहिला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा फ्रान्सला निघून गेला. परिषदेतली पुढची हाणामारी त्याने पाहिलीच नाही. मसुदा मात्र त्याचाच राहिला: दोन सभागृहं, थेट निवडलेला गव्हर्नर, त्याचा नकाराधिकार (तो दोन तृतीयांशांनी उलथवण्याची सोय मात्र परिषदेने घातली), वर्तन चांगलं असेपर्यंत पदावरून न हलवता येणारे न्यायाधीश, आणि सगळ्यांच्या आधी हक्कांचा जाहीरनामा. एका कलमात त्याने शासनाची कर्तव्यं सांगताना प्रामाणिकपणा आणि वक्तशीरपणा यांच्याबरोबर लोकांत खेळकर वृत्ती वाढवण्याचीही जबाबदारी घातली. हे कलम काढून टाकतील अशी त्याला भीती होती. ते जसंच्या तसं मंजूर झालं आणि अजून आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मोटार नोंदणी कचेरीत रांगेत उभं राहताना मला त्याची हटकून आठवण होते.

त्या हिवाळ्यात बर्फ असा पडला की जानेवारीच्या बैठकीला बॉस्टनपर्यंत फार थोडे प्रतिनिधी पोचू शकले. मार्चमध्ये काम संपलं आणि छापील प्रती गावोगाव गेल्या. प्रत्येक कलमावर वेगळं मत द्या, नापसंत असेल तर कारण लिहा, दोन तृतीयांश हवेत. मे महिन्यात सभा चालू असताना १९ तारखेला भर दुपारी काळोख झाला. दिवे लावावे लागले, कोंबड्या खुराड्यात गेल्या. दूरच्या वणव्यांचा धूर होता तो, पण अनेकांना प्रलय आला असं वाटलं. प्रलय टळल्यावर पुन्हा कलमं वाचायला बसले असतील, असं मी आपलं समजते.

गावांनी पाठवलेली ती उत्तरं राज्याच्या अभिलेखागारात जपलेली आहेत आणि छापूनही निघाली आहेत. मराठी माणसाला ऐतिहासिक दप्तराचं वेड असतं, त्यामुळे मी ती वाचायला घेतली आणि त्यातून उठवेना. शुद्धलेखन बेताचं, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच, आणि विचार मात्र टोकदार. सर्वांत जास्त भांडण तिसऱ्या कलमावर. प्रॉटेस्टंट धर्मशिक्षकांच्या पोटापाण्याची सोय गावांनी करावी, असं ते कलम. बाप्टिस्टांनी ते झोडपून काढलं: आमच्या कराने दुसऱ्या पंथाचा उपदेशक का पोसायचा? दुसरी तक्रार मताधिकाराची. नव्या घटनेप्रमाणे मत द्यायला वर्षाला तीन पौंड उत्पन्नाची जमीन किंवा साठ पौंडांची मालमत्ता लागणार होती. नॉर्थहॅम्प्टनने विचारलं, की ज्यांच्याकडे ती नाही, त्यांच्या पोरांनी युद्धात जीव द्यायचा आणि मत मात्र द्यायचं नाही? बायकांचा प्रश्न तर विषयपत्रिकेवरच नव्हता.

जूनमध्ये परिषद पुन्हा बसली तेव्हा तिच्यापुढे हा ढीग होता. 'मान्य, पण अमुक बदल करा', 'बदल केला तरच मान्य', 'अमान्य, पण कारण पुढीलप्रमाणे'. मोजणाऱ्यांनी जरा सढळ हाताने मोजलं. सशर्त होकार ते सरळ होकारात टाकत गेले, असं पुढे इतिहासकारांनी कागद तपासून दाखवलंय, आणि तिसऱ्या कलमाला खरोखर दोन तृतीयांश मतं होती का, यावर आजही शंका घेतली जाते. ते कलम जायला १८३३ साल उजाडलं. लोकांनी मंजूर केलेल्या पहिल्या घटनेच्या जन्मातच ही थोडी हातचलाखी आहे. मला त्याचा राग येत नाही. पुन्हा सगळं गावांकडे पाठवलं असतं तर काय झालं असतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण ज्यांना 'लोकांची इच्छा' हे शब्द फार स्वच्छ वाटतात, त्यांनी ते दप्तर एकदा चाळावं.

२५ ऑक्टोबर १७८०ला घटना लागू झाली, जॉन हॅनकॉक पहिला निवडून आलेला गव्हर्नर झाला. शंभरावर दुरुस्त्या होऊनही ती अजून चालू आहे. 'आम्ही, मॅसॅच्युसेट्सचे लोक' ही घटना करतो व प्रस्थापित करतो, असं तिच्या उद्देशिकेत आहे. सात वर्षांनी फिलाडेल्फियाच्या घटनेने तोच सूर धरला, आणि बालभारतीच्या पुस्तकाच्या सुरुवातीला 'आम्ही, भारताचे लोक' पाठ करणाऱ्या पिढ्यांपर्यंत तो पोचला. इथे मला नेहमी एक उलटी गोष्ट जाणवते. मॅसॅच्युसेट्सने घटना करताना प्रत्येक स्वतंत्र पुरुषाला विचारलं, आणि मग त्यांतल्या गरिबांचा मताधिकार काढून घेतला. आपली संविधान सभा मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेली. तिने तयार केलेलं संविधान कुठल्याच गावाच्या सभेपुढे मतासाठी आलं नाही, आणि त्याने मात्र एका फटक्यात प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिलं. यांतलं अधिक लोकशाहीचं कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी दुसऱ्याच्या बाजूने हात वर करीन. निदान तिथे मला मत आहे.

कागदावरच्या वाक्यांचं पुढे काय होतं ते लिहिणाऱ्यांच्या हातात राहत नाही. अ‍ॅडम्सने लिहिलं होतं की सर्व माणसं 'सारखीच स्वतंत्र' जन्मतात. परिषदेत ते बदलून 'स्वतंत्र आणि समान जन्मतात' झालं. बर्कशरमधल्या शेफील्ड गावी कर्नल जॉन अ‍ॅश्ली या बड्या जमीनदाराच्या घरात बेट नावाची गुलाम बाई होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण या वाक्याची चर्चा तिच्या कानावर पडली होती. ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली आणि विचारलं, की हा कायदा मला लागू नाही का? १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात, म्हणजे सात वर्षांपूर्वी जमावाने जिथे राजाचं न्यायालय बंद पाडलं त्याच गावात, ज्युरीने तिला स्वतंत्र ठरवलं आणि तीस शिलिंग भरपाई दिली. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. पाठोपाठ क्वॉक वॉकर या दुसऱ्या गुलामाचे खटले झाले आणि १७८३ मध्ये मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंगने ज्युरीला सांगितलं, की आपल्या घटनेत गुलामगिरी बसत नाही. १७९०च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात गुलामांचा आकडा शून्य होता. गुलामगिरी रद्द करणारा वेगळा कायदा कुणी केलाच नव्हता.

नवं राज्य सुखाने नांदलं असं मात्र नाही. युद्धाचं कर्ज फेडायला बसवलेले कर नाण्यांतच भरायचे, आणि नाणी खेड्यात नव्हती. १७८६ मध्ये पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी जुनंच हत्यार काढलं: न्यायालय भरू द्यायचं नाही. फक्त आता समोर राजा नव्हता, त्यांनीच मंजूर केलेली घटना होती, आणि गव्हर्नर होता मसुदा समितीतला बोडिन. २५ जानेवारी १७८७ रोजी डॅनियल शेज हा क्रांतियुद्धातला माजी कप्तान आपल्या माणसांसह स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेला. तोफेच्या माऱ्यात चार जण मेले. बंड मोडायला जी फौज गेली तिचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून केला. वॉशिंग्टनपासून सगळे हादरले, आणि मजबूत केंद्र सरकार हवं म्हणणाऱ्यांना हाती आयता पुरावा मिळाला. वसंतात मतदारांनी बोडिनला घरी बसवलं, हॅनकॉकला परत आणलं आणि बहुतेक बंडखोरांना माफी मिळाली.

त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बनलेली संघराज्याची घटना जानेवारी १७८८ मध्ये बॉस्टनला मंजुरीसाठी आली, तीही खास निवडलेल्या परिषदेपुढे. काँकर्डचा हट्ट आता देशाची रीत झाला होता. साडेतीनशेवर प्रतिनिधी, आणि सुरुवातीला कल विरुद्ध. स्प्रिंगफील्डच्या गोळीबाराला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी सटनचा एमस सिंगलटरी उठून म्हणाला, की हे वकील, हे शिकलेले, हे पैसेवाले इतकं गोडगोड बोलून आपल्याला ही गोळी गिळायला लावतायत आणि उद्या आपल्यासारख्या लहान माणसांना गिळून टाकतील. त्याला उत्तर दिलं लेन्सबरोच्या जोनाथन स्मिथने. मी साधा माणूस, नांगरावर पोट भरतो, असं म्हणून त्याने मागच्या वर्षीच्या अंदाधुंदीत शेजाऱ्याच्या छातीला शेजाऱ्याची बंदूक कशी लागली होती ते सांगितलं, आणि घटना वाचून आपल्याला त्यावरचा इलाज सापडला, असं म्हणाला. दोघंही शेतकरी, दोघंही खरंच बोलत होते. त्या महिन्याभरातल्या सगळ्या भाषणांत मला हीच दोन वाचावीशी वाटतात.

तिढा सुटला तो हॅनकॉकमुळे. संधिवाताचं कारण सांगून तो घरी बसला होता, वारा कुठून वाहतोय ते बघत. मग पाय फ्लॅनेलात गुंडाळून आला आणि नऊ दुरुस्त्यांची यादी मांडली. घटना आत्ता मंजूर करा आणि या दुरुस्त्यांची शिफारस सोबत पाठवा. ६ फेब्रुवारीला १८७ विरुद्ध १६८ अशी मंजुरी मिळाली. गावांनी १७८० मध्ये जे केलं होतं, तेच राज्याने आता देशाशी केलं. पुढे व्हर्जिनिया, न्यू यॉर्क यांनीही शिफारशी जोडूनच होकार दिला, आणि त्या दबावातून १७९१ची हक्कांची सनद आली.

तिच्यावर मॅसॅच्युसेट्सची मोहोर नव्हती. १७९० मध्ये इथल्या दोन्ही सभागृहांनी बऱ्याचशा कलमांना पसंती दिली होती, पण अंतिम विधेयकच तयार झालं नाही. कनेक्टिकट आणि जॉर्जियाचंही तसंच राहिलेलं. दीडशेव्या वर्षाचा मुहूर्त साधून तिघांनी ती मंजूर केली तेव्हा १९३९ साल होतं.